एक लिटर, त्यात सगळं

सकाळी नागू बाटली भरते.
तिच्यावर तिनं मार्करनं पाच रेघा ओढल्यात,
वरून खाली, माझ्या दिवसाच्या.
पहिल्या रेघेत गोळ्या. दुसरीत चहा,
तोही बशीत गार करून,
म्हणजे जास्त वाटतो.
आमटीची वाटी बाटलीतून वजा.
दह्याची वाटी वजा.
काल वाईच अर्धी काकडी खाल्ली,
तर तीही वजा. किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
अंदाजानं बोटभर पाणी
कढीपत्त्याच्या डब्यात ओतलं तिनं
माझ्यादेखत.

बत्तीस वर्षं मी ह्या गावाला पाणी सोडलं.
वडगाव, खासबाग, अनगोळची वरची गल्ली.
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीएवढी.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, झुरळं पांगायची,
चावी बसवायची आणि फिरवायची.
पूर्ण उघडायला तेरा फेरे.
शेवटच्या घरापर्यंत जायचं तर अकरा पुरत नाहीत.
हे कुठल्या कागदावर नाही, मनगटात आहे.
त्याच डाव्या मनगटात आता फिस्टुला,
बोट टेकलं की आत घरघरतं
भरल्या पाइपासारखं.

बायका दोन भाषांत शिव्या द्यायच्या.
"धा मिनटं ऱ्हाऊ दे की ओ भरमाण्णा, वरचा ड्रम रिकामा हाय."
"इन्नू स्वल्प बिडरी."
मी घड्याळ बघायचो. साकु, म्हणायचो.
मराठी बाईलासुद्धा साकुच.
त्या शब्दापुढं वाद चालत नाही.

आता सोमवारी, गुरुवारी
शिवलीला सिस्टर मला काट्यावर उभं करते.
"एष्टु कुडिद्री, अण्णा?"
मी सांगतो, लिटरच.
काटा सांगतो, तीन किलो चारशे.
मधल्या आकड्याचं काय सांगू तिला?
चूळ भरतो ती सगळीच थुंकली जात नाही, हे?
डोकीवर तांब्या ओतताना तोंड उघडं राहतं, हे?
नातीच्या दप्तरातली बाटली रात्री कानाशी हलवून बघतो, हे?

तहान घशात नसते.
जीभ टाळूला चिकटते, सुटताना आवाज होतो,
तो पलीकडच्या खाटेवर नागूला ऐकू जातो.
"लिंबाची फोड चोख." चोखतो.
"लवंग धर." धरतो.
मीठ तोडा, तहान तुटेल, डॉक्टर म्हणाले.
ठेच्याशिवाय भाकरी, तीही खाऊन बघितली.
मग पायावर अंगठा दाबतो. खळगा पडतो.
तो भरून यायला किती वेळ लागतो ते मोजत बसतो.
आडवं झालं की छातीत डबकं हलतं,
म्हणून तीन उशा.
एवढं पाणी अंगात,
आणि ओठांना त्याचा पत्ता नाही.

परवा पहाटे, तीन वाजून गेले असतील,
नळानं श्वास घेतला.
आधी नुसती हवा, मग खोकला, मग गंजाची गुळणी.
आठव्या दिवशी पाणी आलं.
आमच्या लाईनीवर नवा पोरगा आहे, कंत्राटी.
अंधारात बोटांवर मोजत होतो मी, आवाजावरून.
सात. आठ. नऊ.
नवावर थांबला गडी.
वरच्या गल्लीला थेंब जाणार नाही.

उठलो. लुंगीवरच कोपऱ्यापर्यंत गेलो.
"आणि चार फिरव," म्हटलं.
"तुम्ही कोण ओ?"
सांगितलं नाही. चावी धरली,
डाव्या हाताला ओझं मना आहे, तरी धरली.
तीन फेऱ्यांत दम लागला. चौथा त्यानं फिरवला.
थोड्या वेळानं वर कुठंतरी
रिकाम्या ड्रमाच्या तळाला धार लागली,
पत्र्याचा आवाज, मग हळूहळू पाण्याचा.

पोरग्यानं बॅटरी काखेत धरून
आपली बाटली पुढं केली.
"घ्या की काका, घामानं भिजलासा."

थंड होती. गळ्यापर्यंत भरलेली.

किती पिलो ते नागूला बोललो नाही.
शिवलीलाला सांगेन,
काट्यावर चढायच्या आधीच सांगेन,
नाहीतर राहू दे, काटा आहेच.
घरी येऊन बाटलीतली शेवटची रेघ
मीच कढीपत्त्याला ओतली.
पिलो होतो तेवढीच.
बहुतेक तेवढीच.